टाकीच्या तोंडाशी ठकी

तलासरीच्या तेल डेपोत तुझी बायको काय काम करते, असं कुणी विचारलं की लडक्या सांगायचा, "बसते." गँगमधली माणसं हसायची. ठकीही हसायची, कारण त्यात खोटं काही नव्हतं. सकाळी डेपोत गेलं की डोक्यावर हेल्मेट चढवायचं, हवेचा भोंगा जवळ घ्यायचा आणि टाकीच्या पोटाला अगदी खाली जे गोल तोंड ठेवलेलं असतं, त्याच्याशी स्टूल टाकून बसायचं. आत कोण गेलं, कोण बाहेर आलं ते ध्यानात ठेवायचं. आतल्या माणसांशी मधूनमधून बोलत राहायचं. स्वतः कधीही आत जायचं नाही.

आधी ती याच जागेवर खडी वाहत होती. हायवे सोडून आत वळलं की जिथं पूर्वी नुसता गवताचा माळ होता, तिथं २०१५ साली एका कंपनीनं तेल साठवायच्या टाक्या बांधायला घेतल्या. ठकीच्या करंजपाड्यातली निम्मी माणसं तिथं कामाला लागली. पाया भरून झाला आणि मग लोखंड आलं. गोलाईत वाकवलेल्या जाड प्लेटा ट्रेलरवरून यायच्या. क्रेन त्या उचलून उभ्या करायची, वेल्डर त्यांचे सांधे जोडायचे, आणि एक कडं पुरं झालं की त्याच्या डोक्यावर दुसरं चढायचं. बघता बघता टाकी ताडाएवढी झाली. आख्खा पाडा गुराढोरांसकट आत मावला असता.

लडक्या क्रेनच्या साखळ्या बांधायचा. त्याचा धाकटा भाऊ तुषार वेल्डर होता, आणि तोही साधा नव्हे, आरगॉनचा. पाइपाच्या सांध्यातला अगदी आतला, पहिला थर घालायचा असला की त्याचीच आठवण व्हायची. या कामात आरगॉन नावाचा वायू नळीतून सोडत राहावा लागतो, म्हणजे तापलेल्या लोखंडाला बाहेरची हवा शिवत नाही. त्या वायूला रंग नाही की वास नाही. "आपल्या हिरव्या देवासारखा आहे तो," तुषार म्हणायचा. "असतो, पण दिसत नाही."

तुषारचं नुकतंच लग्न झालं होतं. त्याची बायको योगिता, लडक्या, ठकी आणि दोघा भावांची आई चिमी, सगळे एकाच घरात राहत. तुषार लहान असताना ठकी त्या घरात आली होती. त्याला पाठीवर घेऊन तिनं ओढा ओलांडलेला होता. दीर म्हणण्यापेक्षा तो तिचा पहिला मुलगाच होता म्हटलं तरी चालेल.

टाकीवर छप्पर चढलं आणि आत अंधार झाला. आत-बाहेर करायला फक्त ती खालची दोन गोल तोंडं उरली. आता तिथं कुणीतरी पहारा द्यायला हवा होता. डेपोत सुरक्षेचं काम बघायला जतीनभाई होते, उंबरगावचे. मराठी बोलता बोलता मध्येच गुजरातीत शिरायचे. त्यांनी मजुरांना शेडमध्ये बसवलं आणि विचारलं, "आत माणूस पडला, बेशुद्ध झाला. तुम्ही बाहेर बसलाय. काय करणार?"

"आत जाऊन ओढून काढणार," चार-पाच जण एकदम बोलले.

"आणि तुम्ही, बेन?"

ठकी मागं बसली होती. ती म्हणाली, "कुणाला आत सोडणार नाही."

माणसं वळून तिच्याकडं बघायला लागली. जतीनभाईंनी विचारलं, "का?"

तिनं थोडक्यात सांगितलं. तिचा बाप वाणगावजवळच्या एका वाडीत मजुरी करायचा. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खोल गेलं म्हणून डिझेलचं इंजिन आत कपारीवर उतरवलं होतं. एक दिवस ते बंद पडलं. एक गडी बघायला उतरला, तो वर येईना. हाक दिली तर ओ देईना. तिचा बाप उतरला. तोही गप्प झाला. मग काका म्हणाला, थांबा, दोघांना घेऊन येतो. आठ-नऊ वर्षांची ठकी काठावर उभी होती. काका उतरताना तिच्याकडं बघून हसला होता. इंजिनचा धूर विहिरीत साचून राहिला होता, हे नंतर कुणीतरी सांगितलं. "पहिला गेला ते कुणाच्या हातात नव्हतं," ठकी म्हणाली. "बा आणि काकाला कुणी धरलं असतं तर ते राहिले असते. कुणी धरलं नाही."

जतीनभाईंनी वहीत तिचं नाव लिहिलं. मग म्हणाले, "ठकीबेन, उद्यापासून तोंडावर तुम्ही."

अशी ती तिथं बसायला लागली. आणि खरं सांगायचं तर माणसांना ते थट्टेचंच वाटायचं. नवीकोरी टाकी, अजून तेलाचा थेंब बघितलेला नाही. तिथं कसला वायू आणि कसला धोका? तुषारही आत शिरताना मुजरा करायचा, "वैनी, परवानगी आहे ना?" ती त्याच्या हेल्मेटवर टपली मारायची.

ती गोष्ट घडली २०१७च्या फेब्रुवारीत.

टाकी जवळजवळ पुरी झाली होती. आता तोंडं बंद करून तिच्यात पाणी भरायचं आणि कुठला सांधा गळतो का बघायचं, एवढंच उरलं होतं. बाकी होतं ते आतल्या खड्ड्याचं काम. टाकीच्या तळात एका बाजूला कमरेपेक्षा खोल असा लोखंडी खड्डा ठेवतात. तेलाबरोबर येणारं पाणी तळाला बसतं, ते त्या खड्ड्यात उतरावं आणि पाइपानं बाहेर काढता यावं, म्हणून. तो पाइप जोडायचं काम तुषारकडं होतं. आरगॉनचे उंच सिलिंडर बाहेर टाकीच्या भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांची नळी ठकीच्या पायाजवळून आत गेलेली होती.

दुपारी सगळे जेवायला बाहेर आले. तुषारनं सुकट-भाकरी खाल्ली, ठकीच्या डब्यातला वाल पळवला, योगिताला फोन लावला. नळी तो खड्ड्यातच ठेवून आला होता. तिचा कॉक नीट बसला नव्हता, हे त्याला माहीत नव्हतं. दुसऱ्या कुणाला कळण्याचा प्रश्नच नव्हता. ना आवाज, ना वास. वायू हवेपेक्षा जड. जेवणाची सुट्टी होती तेवढा वेळ तो त्या खड्ड्यात पाण्यासारखा भरत राहिला आणि श्वासाची हवा वर ढकलत राहिला.

सुट्टी संपल्यावर जतीनभाई आले. हवेतला प्राणवायू मोजायचा मीटर त्यांनी तोंडाशी धरला, आत जाऊन मधोमध धरला, आकडे बरोबर होते. दुसरं तोंड व्यापून बसवलेला, हवा आत ढकलणारा मोठा पंखाही चालू होता. "चालू करा," ते म्हणाले आणि गेले. खड्ड्यात मीटर उतरवायचं त्यांना सुचलं नाही. तोपर्यंत तसं कुणीच करत नव्हतं.

चौघं आत गेले. तुषार, त्याचा मदतनीस हाल्या आणि भिंतीकडं घासकाम करणारे तुक्या आणि लक्ष्या. आत दिवे लावलेले होते. ठकीला तोंडातून खड्डा दिसायचा, हाकेच्या अंतरावर. तुषार काठावर बसला, पाय सोडले आणि खाली उतरला. त्याचं पिवळं हेल्मेट काठावर दिसत होतं. मग तो वाकला आणि हेल्मेट खाली गेलं.

आता वेल्डिंगचा निळा उजेड दिसेल म्हणून ठकी बघत राहिली.

उजेड आला नाही.

"तुषार," तिनं हाक मारली. "झालं का चालू?"

टाकीत आवाज घुमायचा. तिचाच आवाज फिरून तिच्याकडं आला.

"तुषार! ए, बोल ना!"

ती उठून उभी राहिली. हाल्यानं तिचा आवाज ऐकला आणि तो खड्ड्याकडं गेला. "काय रे, झोपलास का?" असं म्हणत त्यानं आत डोकावलं, आणि मग ओरडला, "वैनी, हा पडलाय!"

"हाल्या, वाकू नको! मागं सर!"

पण तो वाकला होता. समोर सोबती पडलाय आणि हात पुरतोय, अशा वेळी कोण थांबतो? त्यानं काठावर छाती टेकून हात खाली घातला. ठकीला फक्त त्याचे पाय दिसत होते. पायांनी एकदा लोखंडावर टाच घासली आणि ते सैल पडले. कुणी मारलं नाही की ढकललं नाही. नुसते सैल पडले.

ठकीच्या अंगातलं सगळं बळ पायांत उतरलं. आत धावावं, एवढंच तिच्या मनात आलं. तिचा एक पाय तोंडाच्या कडेवर चढलासुद्धा. मग तिनं तो खाली घेतला आणि भोंगा दाबला.

भोंग्याचा आवाज डेपोभर गेला. आत तुक्या आणि लक्ष्या हातातलं टाकून खड्ड्याकडं वळले होते. "तुक्या!" ती किंचाळली. "लक्ष्या! तिकडं नाही! माझ्याकडं या! बाहेर! आधी बाहेर!" ते घुटमळले. तिनं त्यांच्या आयांची नावं घेऊन शिव्या घातल्या. शेवटी ते धावत आले आणि तोंडातून एकामागून एक बाहेर पडले.

"सिलिंडर बंद कर," ती तुक्याला म्हणाली. "सगळे. जेवढे आहेत तेवढे." तुक्या एकेक चावी फिरवायला लागला.

तोवर लडक्या येऊन पोचला. क्रेनपासून धावत आला होता. "कोण आहे आत?"

ठकीला खोटं बोलता आलं असतं. ती म्हणाली, "तुषार. आणि हाल्या."

लडक्यानं हातातला हूक टाकला आणि तो तोंडाकडं झेपावला. ठकी त्याच्या आधी तिथं पोचली. त्या गोल तोंडात ती पाठमोरी घुसून बसली, पाय बाहेरच्या लोखंडाला रोवले आणि कडेच्या बोल्टांना दोन्ही हातांनी धरलं. एका माणसापुरतंच तोंड ते. आता तिला काढल्याशिवाय कुणाला आत जाता येणार नव्हतं.

"सरक."

"नाही."

"ठके, सरक! माझा भाऊ आहे तो!"

"माझा कोण आहे?" ती म्हणाली. "जतीनभाई येतायत. त्यांच्याकडं हवेची नळकांडी आहेत, तोंडाला लावायची. ते जातील."

"येईपर्यंत मरेल तो!"

"तू गेलास तर दोघं मराल."

त्यानं तिला दंडाला धरून ओढलं. तो रोज टनाटनाचं लोखंड हलवणारा माणूस. ती जागची हलली, पण बोल्ट सोडला नाही. "माझा काका असाच बोलला होता," ती ओरडत होती, "घेऊन येतो म्हणाला होता!" पण लडक्याच्या कानात काही शिरत नव्हतं. त्यानं तिचं एक बोट धरलं आणि बोल्टावरून सोडवायला म्हणून मागं वाकवलं. काडी मोडल्यासारखा आवाज झाला. दुखणं तिला लगेच कळलंच नाही. तिनं तो हात काढून घेतला आणि कोपर बोल्टात अडकवलं.

"तुक्या! धर याला! बघत काय उभा राहिलास!"

तुक्या सिलिंडर बंद करून दगडासारखा उभा होता. त्यानं लडक्याच्या कमरेला मागून मिठी मारली. लक्ष्यानं पाय धरले. तिघं जमिनीवर पडले आणि लडक्या खालून ओरडत राहिला, भावाचं नाव, बायकोचं नाव, मग नुसतंच ओरडणं.

ठकीनं मान वळवून आत बघितलं. हाल्याचे पाय होते तसेच होते. "तुषार, येतायत रे," ती आत बोलत राहिली. "येतायत. थोडा धीर धर." कुणी ऐकत नव्हतं, हे तिला माहीत होतं.

जतीनभाई आले ते डेपोच्या आग विझवणाऱ्या दोन माणसांना घेऊनच. तिघांच्या पाठीवर नळकांडी, तोंडाला मुखवटे. ठकी तत्काळ बाजूला झाली. ते आत गेले. आधी हाल्याला पायांना धरून ओढला, मग एक जण खड्ड्यात उतरला आणि तुषारच्या काखेत दोर घालून त्याला वर घेतला. बाहेर आणला तेव्हा त्याचे ओठ जांभळाच्या रंगाचे झाले होते. जतीनभाई गुडघ्यांवर बसून त्याची छाती दाबायला लागले. हाल्यानं थोड्याच वेळात मोठा श्वास घेतला आणि तो ओकला. तुषारनं श्वास घेतला तो बऱ्याच उशिरानं, आणि तोही तुटका.

गाडी दोघांना घेऊन वापीला गेली. लडक्या त्यात चढला. चढताना त्यानं ठकीकडं बघितलंसुद्धा नाही.

हाल्या दुसऱ्या दिवशी उठून चालायला लागला. तुषार मात्र आठवडाभर शुद्धीवर आला नाही. आणि आला तेव्हा वेगळाच आला. शब्द शोधत बोलायचा. उजवा हात थरथरायचा, पाण्याचा पेला धरला की निम्मं पाणी सांडायचं. डॉक्टर म्हणाले, सुधारेल, पण किती ते सांगता येत नाही.

मग घरात जे सुरू झालं, ते टाकीच्या तोंडाशी झालं त्याहून अवघड होतं. तिथं निदान थोड्या वेळात निकाल लागला होता.

पाड्यावर बोललं जायला लागलं. दीर आत पडला आणि ही दार अडवून बसली. नवरा वाचवायला निघाला, त्यालाही जाऊ दिलं नाही. लडक्या गेला असता तर भावाला लवकर बाहेर आणला असता, पोराचा हात शाबूत राहिला असता. ठकीनं कुणाला उत्तर दिलं नाही. तलासरीच्या दवाखान्यात जाऊन तिनं बोट बांधून घेतलं होतं. कुणी विचारलं तर लोखंडात सापडलं म्हणायची.

चिमी काही बोलत नव्हती. ती तुषारला भरवायची, त्याचा हात चोळायची, आणि ठकी जवळ आली की उठून जायची. लडक्या ओसरीवर झोपायचा. तो तिच्याशी बोलायचा नाही, तिनं वाढलेलं खायचा, पण मान खाली घालून. योगिता मात्र एक दिवस विहिरीवर तिच्याजवळ आली आणि म्हणाली, "वैनी, खरं सांगा. तुम्हाला ते मेले असं वाटलं होतं का? म्हणून नाही सोडलं?"

"नाही," ठकी म्हणाली. "जिवंत आहे असंच वाटत होतं. म्हणून जास्त कठीण गेलं."

योगितानं तिची घागर उचलून डोक्यावर ठेवायला हात लावला. तेवढंच.

जतीनभाई एकदा पाड्यावर आले. ओसरीवर बसून त्यांनी चिमीला सगळं समजावलं. चूक माझी, ते म्हणाले, खड्ड्यात मीटर सोडायला हवा होता. आता नियम केलाय. पण ठकीबेननं जे केलं ते बरोबर केलं. ती तिथं बसली नसती तर तुमचा मोठा मुलगाही गेला असता.

चिमीनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "साहेब, मोठा गेला असता, असं तुम्ही म्हणता. पण तो गेला नाही. माझ्यासमोर बसलाय. मग गेला असता हे मी कसं बघू? मला दिसतो तो धाकट्याचा हात."

ठकी दाराआड उभी होती. म्हातारीचं म्हणणं तिला पटलं, आणि त्याचंच तिला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. विहिरीत गेलेल्या तीन माणसांसाठी वाणगावात अजून लोक हळहळतात. न गेलेल्या माणसासाठी कोण काय म्हणणार?

चिमीचं मन वळवलं ते हाल्यानं. तोही बरेच दिवस लांबच राहिला होता. एका सकाळी आला तो चार ओले नारळ घेऊन, आणि तुषारजवळ बसला. चिमीनं विचारलं, "तुला काय झालं होतं रे तेव्हा? नीट सांग."

"काही झालं नाही, म्हातारे," हाल्या म्हणाला. "तेच तर. मला वाटलं होतं घुसमटेल, खोकला येईल, मग मागं येता येईल. तसं काहीच नाही. हात पुढं केला, तुषारचा शर्ट बोटांना लागला. मग एकदम गाडीत डोळे उघडले. मधलं काहीच नाही."

"शर्ट लागला होता?"

"लागला होता. एवढ्यात धरतो असं वाटलं होतं." त्यानं नारळ बाजूला सरकवले. "लडक्यालाही तसंच वाटलं असतं. आणि तो माझ्यावर पडला असता. त्याच्या वजनानं मी आत गेलो असतो, तुषार माझ्याखाली. मग आम्हा तिघांना कुणी काढलं असतं, कुणास ठाऊक."

चिमी बराच वेळ तुषारचा हात चोळत राहिली. त्या दिवसापासून ठकी जवळ आली की ती उठून गेली नाही. बोलली मात्र नाहीच.

लडक्याचं काय चाललंय ते ठकीला कळत नव्हतं. राग असेल, तर तो इतके दिवस कसा टिकतो? एकदा भाकरी थापताना ते वाकडं बोट मध्ये आलं आणि भाकरी फाटली. लडक्या समोरच बसला होता. तो पटकन उठून अंगणात गेला. तेव्हा तिच्या लक्षात आलं. इतके दिवस तिला वाटत होतं की हा माझ्या तोंडाकडं बघत नाही. तो तिच्या हाताकडं बघत नव्हता.

चौकशी झाली, काम काही दिवस बंद राहिलं, मग पुन्हा सुरू झालं. खड्ड्यातला पाइप दुसऱ्या वेल्डरनं पुरा केला. ठकी परत तोंडाशी बसायला लागली. आता आत शिरताना कुणी थट्टा करत नव्हतं. मीटर खड्ड्यात उतरून वर येईपर्यंत माणसं गुपचूप रांगेत उभी राहायची.

मे महिन्यात टाकी पाणी भरायला तयार झाली. तोंडावर जाड लोखंडी झाकण बसवायचं होतं. ते साखळीवर टांगलेलं होतं आणि साखळी लडक्याच्या हातात होती. आतले शेवटचे दोघं बाहेर आले. जतीनभाईंनी विचारलं, "ठकीबेन, आत कोणी नाही?"

"नाही. सगळे बाहेर."

"बसवा झाकण."

लडक्यानं साखळी सोडली नाही. "थांबा," तो म्हणाला आणि साखळी तुक्याच्या हातात देऊन तोंडाकडं गेला. वाकून त्यानं आत डोकं घातलं आणि हाक मारली, "कोण आहे का रे?" आवाज आत गोल फिरला. ठकीनं मागून त्याचा शर्ट मुठीत धरला आणि मागं ओढला.

"डोकंच घातलं होतं," तो म्हणाला.

"तेवढं पुरतं."

तो सरळ झाला. शर्ट अजून तिच्या मुठीत होता आणि ते बोट मुठीत नीट मिटत नव्हतं, बाहेर राहिलं होतं. लडक्यानं त्याच्याकडं बघितलं. या वेळी नजर काढून घेतली नाही.

"दुखतं?" त्यानं विचारलं.

"गार पाण्यात घातलं की."

त्याला आणखी काहीतरी बोलायचं होतं. ओठ हलले, पण माणसं उभी होती, झाकण लटकत होतं. "घरचं पाणी मी भरीन आता," तो शेवटी म्हणाला, आणि साखळी परत हातात घेतली.

झाकण बसलं, बोल्ट आवळले गेले. पाणी भरायला बरेच दिवस लागले. टाकी काठोकाठ भरल्यावर वेल्डर, इंजिनियर आणि जतीनभाई तिच्याभोवती फिरून एकेक सांधा बोटांनी चाचपत होते. ठकीही त्यांच्यामागून फिरली.

संध्याकाळी घरी आली तेव्हा सगळे अंगणात होते. लडक्या विहिरीवरून दोन हंडे घेऊन आला आणि पडवीत ठेवायला गेला. तुषार बाजेवर बसून रबराचा चेंडू दाबत होता. तसं करायला डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याचा हात पूर्वीसारखा कधी झाला नाही. पुढं दोन वर्षांनी त्यानं गेट-खिडक्यांचं दुकान टाकलं, तिथंही वेल्डिंगचं हँडल योगिताच धरायला शिकली आणि तो शेजारी उभा राहून सांगायचा. पण त्या संध्याकाळी हे कुणाला माहीत नव्हतं.

"भरली टाकी," ठकी म्हणाली. "कुठंच गळली नाही."

तुषारनं चेंडू थांबवला. शब्द यायला थोडा वेळ लागला. "खड्ड्यातला... पाइप?"

"तोही नाही गळला."

"निम्मा माझा आहे तो," तुषार म्हणाला.

"निम्मा नाही," लडक्या पडवीतून बोलला. "आतला थर तुझाच. वरचं काय, कुणीही घालतं."

चिमी चुलीपाशी होती. तिनं ताट वाढलं, कोलमाचा भात आणि वर सुक्या बोंबलाचं कालवण, आणि ते घेऊन ती उठली. तुषारच्या पुढ्यात जाईल असं सगळ्यांना वाटलं. ती ठकीजवळ आली, ताट तिच्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "बोट ओलं करू नको. मी धुते भांडी."